बावीस घरांचे ठिपके

"काका, तुमच्या चौकोनातला एक ठिपका कुठं गेला?"

धम्मप्रियानं विचारून टाकलं. पैजच तशी होती. वस्तीच्या अध्यक्षांच्या दारात उभं राहून हा प्रश्न विचारून दाखव, मग मानते तुला, असं तिची मैत्रीण ऋतुजा म्हणाली होती. वर्षभरापूर्वी धम्मप्रिया वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. पण यंदा शाळेच्या कबड्डी संघात चढाई करायला लागल्यापासून तिचा आवाज मोकळा झाला होता. आता तो आत जायला तयारच नव्हता.

शेषेरावकाका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. कोणता ठिपका, असं त्यांनी वर न बघताच विचारलं.

"मैदानावरचा. चौदा नंबरच्या चौकोनात काल चार होते. आज तीनच आहेत."

पेपर खाली आला. काकांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. त्यांचा सत्यम काल संध्याकाळच्या बसनं लातूरला क्लाससाठी गेला होता. काका आत पळाले आणि खिडकीतून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "सत्यम, बरा हाईस ना रे तू? न्हाई, काही न्हाई. झोप, झोप."

कंपाउंडच्या भिंतीमागे ऋतुजाबरोबर लपलेला त्यांचा दोस्त आदर्श पांढराफटक पडला होता. पैजेचं हसू ऋतुजाच्याही तोंडावर राहिलं नव्हतं.

नांदेडच्या टोकाला, जिथं शहर संपतं की अजून सुरूच होतंय ते कळत नाही, तिथं त्यांची वस्ती होती. बावीस घरं आणि एक अर्धवट बांधलेली इमारत. तिच्या मागे मैदान. वस्तीच्या नकाशात ते 'खुली जागा' म्हणून हिरव्या रंगात दाखवलं होतं. प्रत्यक्षात तिथं एक कडुलिंबाचं झाड होतं आणि बाकी नुसती तापलेली माती.

मार्चमध्ये एका सकाळी जमीन हलली. फार नाही, मांडणीतली भांडी वाजली एवढंच. पण त्यानंतर पंधरा दिवसांनी मैदानावर चौकोन उमटले. पांढऱ्या फक्कीचे, खो-खोच्या मैदानाला मारतात तसे. प्रत्येकात घराचा नंबर आणि खाली ठिपके. वाऱ्यानं पुसले की दुसऱ्या सकाळी पुन्हा ताजे. गच्चीवर झोपणाऱ्या एका काकूंनी उजाडता उजाडता काहीतरी पांढरं, पावलाला पाऊल लावून चालताना पाहिलं, आणि चादर डोक्यावर ओढून घेतली.

"भानामती," लोक म्हणू लागले. जितके ठिपके, तितके बळी; एक कमी झाला, की एक गेला. मग मैदानावर कुणी जाईना. क्रिकेट बंद, कबड्डी बंद. आणि आता हदगावचा एक आडत व्यापारी म्हणत होता, जागा मला द्या, सोयाबीनच्या पोत्यांचं गोदाम घालतो, बदल्यात तुमच्या गल्लीच्या तोंडाला झकास कमान बांधून देतो. रविवारी संध्याकाळी बैठक होती. कमानीवर कुणाकुणाची नावं टाकायची यावरच आत्तापासून भांडणं चालली होती.

म्हणजे मैदान जायला चार दिवस उरले होते.

"ठिपका माणूस गेल्यावर कमी होतो," धम्मप्रिया म्हणाली. "मेल्यावर नाही. नुसता गेल्यावर. भुताला बसचं टायमिंग कशाला लागतं?"

"तुला लई कळतं भुतातलं," ऋतुजा म्हणाली. पण वही तीच घेऊन आली.

भर दुपारी, गल्लीत कूलरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं तेव्हा, तिघं मैदानावर गेले. आदर्श कुंपणापाशीच थांबला आणि तिथूनच जोरजोरात आकडे मोजत राहिला, म्हणजे आपण शूर आहोत असं त्याचं त्यालाच वाटावं. माती चटके देत होती. फक्कीच्या रेघांवर कुत्र्याचासुद्धा पाय पडला नव्हता. धम्मप्रियाला पाच नंबर सापडला. तिचं घर. तीन ठिपके. आई, बाबा आणि ती. मधला ठिपका आपणच आहोत असं तिला उगाच वाटलं, आणि तिनं पाय मागे घेतला.

चौकोन तेवीस निघाले. शेवटच्याला नंबरच नव्हता. नुसते तीन ठिपके.

पुढचे दोन दिवस त्यांनी घरोघर जाऊन सुट्टीतला प्रकल्प म्हणून एकच प्रश्न विचारला: घरात माणसं किती? कुणी सरबत दिलं, कुणी हाकललं. एका आजीनं तर चार वर्षांपूर्वी वारलेले आजोबाही मोजले. शुक्रवारी संध्याकाळी ऋतुजाच्या ओट्यावर वही उघडून तिघांनी आकडे ताडून पाहिले. सगळं जुळत होतं. घर अन् घर. बिननंबरी चौकोनसुद्धा सुटला: अर्धवट इमारतीच्या जिन्याखाली राहणारा रखवालदार पंढरी, त्याची बायको आणि तान्हं लेकरू. वस्तीच्या यादीत नाव नसलेलं ते एकच घर.

फक्त सोळा नंबर चुकला. तिथं माणसं पाच आणि ठिपके चार.

सोळा नंबरात अमरेशकाका राहायचे. ते, त्यांची बायको, दोन मुली, आणि निलंग्याकडून आणलेले त्यांचे वडील, मडिवाळप्पा. अप्पा दिवसभर दारातल्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असायचे. बोलायचे कमी.

"म्हणजे पुढचा नंबर अप्पांचा," आदर्श कुजबुजला.

"किंवा," धम्मप्रिया सावकाश म्हणाली, "मोजणारा स्वतःला धरत नाही."

शनिवारी पहाटे साडेपाचला तिघं लिंबामागे दडले होते. उजेड राखाडी होता, दुधात पाणी जास्त झाल्यासारखा. आणि ते आलं. पांढरं धोतर, डोक्याला पांढरा टॉवेल, हातात भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. पावलाला पाऊल लावत ते चालत होतं आणि डब्यातून फक्की झरत होती. एकेका चौकोनापाशी थांबून ते हलक्या आवाजात नाव घ्यायचं आणि उत्तराची वाट बघितल्यासारखं थांबायचं.

"आदिनाथ." वारा. "भागवत." वारा. "कमलम्मा."

या नावांचं वस्तीत कुणीच नव्हतं.

आदर्शनं ऋतुजाचा हात इतका घट्ट धरला की नंतर दोन दिवस वळ होते. आता मागं फिरलं तर हे भूत आयुष्यभर भूतच राहील, हे धम्मप्रियाला कळत होतं. ती झाडामागून बाहेर आली.

"अप्पा, सोळा नंबरात एक ठिपका कमी आहे."

म्हातारा दचकला नाही. कुणीतरी विचारायला येईल याची जणू वाटच पाहत होता. त्यानं डबा खाली ठेवला आणि लिंबाखाली बसला. मग तो तिघांना सांगू लागला.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाची पहाट. अप्पांचं गाव दगडामातीचं होतं, क्षणात ढिगारा झालं. वाचलेले हातानं दगड उपसत होते. पण कोण आत आणि कोण बाहेर हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी गणपती बोळवायला पाहुणे आलेले, कुणी शेतावर झोपायला गेलेले. भागवतच्या घरी दुपारपर्यंत खणलं, आणि भागवत शेतातून चालत आला. शेजारी कमलम्माचं घर. ती भावाकडं औशाला गेलीय, असं कुणीतरी म्हणालं. म्हणून तिथं कुणी हातच लावला नाही.

"संध्याकाळी तिचा भाऊ आला औशाहून," अप्पा म्हणाले. "एकटाच."

मग अप्पा मार्चवर आले.

मार्चमध्ये इथली भांडी वाजली, तेव्हा सगळी वस्ती घराबाहेर पळाली आणि अरुंद गल्लीत, पाण्याच्या टाक्यांखाली, विजेच्या तारांखाली गप्पा मारत उभी राहिली. मोकळ्या मैदानावर अप्पा एकटेच होते. तेव्हापासून त्यांनी प्रत्येक घराला जागा आखायला घेतली. जमीन हलली की आपापल्या चौकोनात यायचं. ठिपका मोकळा दिसला, की कुठं खणायचं ते कळतं.

"मग सगळ्यांना सांगत का नाही?" ऋतुजानं विचारलं.

"अमरेशला सांगितलं होतं. तो म्हणतो, अप्पा, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय, लोकांत हसं करून राहिलात. तुम्ही बी नका सांगू, पोरांनो."

त्यांनी शब्द दिला. परत येताना धम्मप्रियाला तो शब्द गळ्यात दगड बांधल्यासारखा वाटत होता. उद्या बैठक होती आणि मैदान वाचवणारी एकच गोष्ट सांगायची बंदी होती.

रविवारी पाच वाजता मैदानाच्या कुंपणाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आत कुणीच पाय ठेवत नव्हतं. शेषेरावकाकांनी कमानीचं चित्र सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि म्हणाले, एवीतेवी जागा वाईटच आहे, ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा. हात वर जाऊ लागले.

"थांबा," धम्मप्रिया उभी राहिली. "हात वर करायच्या आधी एकदा आपापल्या चौकोनात उभं राहून दाखवा."

गलका झाला. पोरीला कुणी बोलायला सांगितलं, असं कुणी म्हणालं. ती म्हणाली, ही भानामती नाही, मोजमाप आहे. ठिपका म्हणजे माणूस, उभं राहायची जागा. हे कुणी केलं ते ती सांगणार नव्हती. एवढं बोलून ती कुंपण ओलांडून पाच नंबरात जाऊन उभी राहिली. एकटी. वाऱ्यानं फक्की तिच्या पायाभोवती फिरली आणि कुणीतरी बाई "अगं माय" म्हणाली.

तिची आई सरकारी दवाखान्यातली ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. पांढऱ्या साडीतच ती चालत आली आणि लेकीशेजारी उभी राहिली. मागोमाग बाबा. मग पंढरी उठला. लेकरू कडेवर घेऊन, बायकोला घेऊन तो बिननंबरी चौकोनात गेला, खाली वाकून तीन ठिपके पुन्हा पुन्हा बघत राहिला.

"आमाला बी धरलंय," तो बायकोला म्हणाला.

त्यानंतर लोक येऊ लागले. आधी पोरं, मग बाया, शेवटी कमानीवर नाव हवं असलेली सगळी मंडळी. चौकोन भरत गेले. इतकी माणसं आपल्या गल्लीत राहतात हे कुणाला माहीतच नव्हतं.

चौदा नंबरात ठिपके तीन. उभे दोघंच: शेषेरावकाका आणि काकू.

"आई झोपलीय घरी, कूलरसमोर," काका वैतागून म्हणाले. "झालं का समाधान? चला आता."

"झोपलीय, हे कुणी बघितलं?"

आवाज कुंपणापासून आला. मडिवाळप्पा काठी टेकवून उभे होते. "चौदा नंबर, एक कमी. शेषेराव, तू डोळ्यानं बघितलंस का? घरी जा. आत्ता जा."

अमरेशकाकांनी मान खाली घातली. सगळी वस्ती अप्पांकडे बघत होती, आणि ही फक्की कुणाची ते न सांगता सगळ्यांना कळलं होतं. त्या आवाजात असं काही होतं की शेषेरावकाका धावत सुटले.

दहा मिनिटांनी ते आईला हाताला धरून घेऊन आले. कस्तुराबाई लालबुंद झाल्या होत्या आणि पदर घामानं भिजला होता. त्या तीन वाजता गच्चीवर वाळवण राखायला गेल्या होत्या, आणि आई झोपलीय असं समजून काकांनी जिन्याच्या दाराला खालून कडी घालून टाकली होती. दोन तास त्या मे महिन्याच्या उन्हात दार वाजवत होत्या. खाली कूलर घरघरत होता.

"मी काय कुरडई हाय का रे, वाळत घातलीस?" त्या म्हणाल्या, आणि चौदा नंबरात मटकन बसल्या. धम्मप्रियाची आई धावली. मीठ-साखरेचं पाणी आलं, ओला टॉवेल आला. तासभर उशीर झाला असता तर बरं नव्हतं, असं तिनं नाडी बघत शांतपणे सांगितलं.

काका आईच्या पायापाशी खाली बसले. मग त्यांनी कमानीच्या चित्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवतो, एवढंच बोलले. नंतर अप्पांसमोर जाऊन त्यांनी हात जोडले, आणि मुलांकडे वळून म्हणाले, "तुम्ही आमच्यापेक्षा शहाणी निघालात रे." आदर्शनं ते वाक्य त्या संध्याकाळी सोळा जणांना ऐकवलं.

अमरेशकाका डबा उचलून सोळा नंबरात पाचवा ठिपका काढायला वाकले. अप्पांनी त्यांचा हात धरला.

"नको. मोजणारा बाहेर असतो. मी आत आलो तर मोजणार कोण?"

अमरेशकाकांनी डबा त्यांच्या हातात दिला. लोक घरोघर पांगले तरी तो एकटा म्हातारा रेघेबाहेर उभा राहून मोकळे चौकोन बघत होता.

घरी बाबांनी चहा टाकला होता. आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. धम्मप्रिया दारातच उभी राहिली. या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्यापासून पहाटे मी मैदानावर जाणार. मोजणी मी करणार. अप्पा सोळा नंबरात उभे राहतील. म्हणून आता आपल्या चौकोनात ठिपके दोनच. कधी जमीन हललीच, तर तुम्ही दोघं सरळ तिथं जाऊन उभे राहा. मला शोधत बसू नका. मी तुम्हाला मोजत असेन."