चंद्री पाणी का पीत नव्हती?

"शीऽऽ! यात मी पायसुद्धा बुडवणार नाही!" सुरभीने नाक दाबलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती कर्जतहून साजगावला काकांकडे आली होती. गोठ्यापुढच्या लोखंडी हौदात हिरवं शेवाळ माजलं होतं, वर माश्या घोंघावत होत्या आणि एक मेलेला बेडूक फुगून तरंगत होता.

"आमची चंद्री म्हैस पाणीच पीत नाय," चुलतभाऊ ऋषिकेश रडवेला झाला होता. "दूध आटलं. बाबा आज दुपारी तिला व्यापाऱ्याला देणार!"

"नखरेल जनावर हाय ते!" संतोषकाका गुटख्याची पिचकारी टाकत म्हणाले. अगदी हौदाशेजारीच! शी!

दोघांनी ओकारी आवरत हौद घासला आणि मोटर लावून ताजं पाणी भरलं. मोटर चालू असतानाच चंद्रीने तोंड लावलं मात्र, झटका बसल्यासारखी फुस्सकन मागे उडाली!

"हौद तर स्वच्छ आहे! मग... मोटर! ऋषी, आधी मेन स्विच पाड!" सुरभी ओरडली.

हौदाच्या कडेवर बसवलेल्या मोटरच्या अंगात करंट उतरायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती दुरुस्त करायची सोडून काकांनी कारखान्याच्या भंगारातली काळी प्लास्टिकची पट्टी मोटर आणि हौदामध्ये घालून दोन्हीकडून वेगवेगळे बोल्ट पट्टीत आवळले होते.

"प्लास्टिकातनं करंट जातो व्हय गं?" काका हसले. "मी तपासलंय!"

ऋषिकेशने प्रयोगाच्या पेटीतली बॅटरी आणि छोटा दिवा आणला. पट्टीच्या उरलेल्या तुकड्याला तारा नुसत्या टेकवल्या. दिवा ढिम्म!

"बघ! मी पण असंच बघितलं व्हतं," काका म्हणाले.

सुरभीने बोल्टांकडे पाहिलं. ते पट्टीत चांगले रुतले होते. तिने तुकड्यात दोन स्क्रू घट्ट पिळले आणि त्यांना तारा गुंडाळल्या. दिवा मिणमिणला!

"पेटला!" ऋषिकेश ओरडला. "सरांनी सांगितलंय, कारखान्यात ठिणगी उडू नये म्हणून यात करंट वाहून नेणारी काजळी मिसळतात, बाबा! वर नुसत्या प्लास्टिकची साय, काजळी आत. धातू आत रुतला की करंट जातो!"

काकांचा चेहरा पडला. सुरभीला त्यांची शेवाळापेक्षा जास्त किळस आली.

"मुकं जनावर रोज झटके खात होतं, काका! आणि तुम्ही तिलाच नखरेल म्हणालात!"

मागे उभ्या आप्पा आजोबांनी सगळं ऐकलं होतं. "संतोष, व्यापाऱ्याला फोन कर, येऊ नको म्हणावं. मोटर दुरुस्त होईस्तवर हौदाला हात लावायचा नाय. पोरांनो, शाबास! म्हशीचं गाऱ्हाणं तुमीच ऐकलंत रं!"

काकांनी विहिरीवरून बादली भरून आणली आणि चंद्रीपुढे धरली. ती बिचकली, मग घटाघटा प्यायली.

"आणखी आणा," सुरभी म्हणाली. काका पुन्हा विहिरीकडे वळले.