पाणी दिलेली खिट्टी

खिट्टी दहा मिलिमीटर जाड होती आणि पासष्ट मिलिमीटर लांब. ती आरशासारखी चकचकीत होती. फक्त टोकापासून बावीस मिलिमीटरवर एक रेघ होती. केसाएवढी बारीक, खिट्टीभोवती अर्धीच फिरलेली. चित्राने तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"ही रेघ काल नव्हती," चित्रा म्हणाली.

"तुला काय ठाऊक?" तिच्या मामेबहिणीने, नीलिमाने विचारलं.

"काल मी खिट्टीची लांबी मोजली होती."

"बघ रे खंडू. सुट्टीला आली आहे आणि खिट्ट्या मोजते आहे. उद्या आंबा देताना पट्टीही द्यावी लागेल हिला."

खंडू हसला. तो निगडी गावातला, नीलिमाच्या वर्गातला. १९८१चा मे महिना होता, आणि तिघं प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीतल्या घराच्या अंगणात, मुकुंदमामाने स्वतः बनवलेल्या सायकलीजवळ बसले होते.

सायकल सध्या उभी होती. ती आडवीही व्हायची. तिची पायडलं आणि साखळी जागच्या जागी राहायची. बसायची जागा तेवढी एका तिरप्या नळीवर पुढे-मागे सरकायची. ती वर, पुढे आणली की नेहमीसारखी सायकल : चौकात पाय टेकवता येई, गर्दीच्या वरून पलीकडचं दिसे. खाली, मागे नेली आणि हँडल कलतं केलं की पाठीला कॅनव्हासची टेक मिळे, आणि मामा आरामखुर्चीत रेलल्यासारखा पाय समोर ताणून पायडल मारी. दोन्ही जागी नळीला एकेक भोक होतं. त्यातून आरपार घातलेली खिट्टी बैठक जागेवर धरून ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी भोसरीच्या कारखान्यात लोखंडी साचा उचलताना मामाचा मणका दुखावला होता. आठ तास लेथवर उभं राहणं जूनपासून बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कारखान्याचे मालक मधुसूदनराव यांनी ही सायकल बनवायला घेतली, तर तिच्या जुळणीचं, बसून करायचं काम मामाला मिळणार होतं. नाही घेतली तर नोकरी जाणार होती. दीड वर्ष मामा विचारत होता आणि दीड वर्ष मधुसूदनराव एकच शब्द सांगत होते : "बघू."

आज ते बघायला येणार होते. चार वाजता, देहूरोडकडे जाणाऱ्या उतारावर.

मामा तेलाची बुधली घेऊन बाहेर आला.

"मामा, खिट्टीवर रेघ उठली आहे," चित्रा म्हणाली.

"वरचं पॉलिश गेलं असेल घासून."

"नख अडकतंय. काल आडवी करून किती चालवलीस?"

"तीन किलोमीटर. चित्रा, त्या खिट्टीला पाणी दिलेलं आहे. पाणी दिलेल्या पोलादावर कानससुद्धा चालत नाही, तुझं नख कुठून अडकणार?"

"मग एकदा कानस फिरवून बघू?"

"साहेब यायच्या दिवशी? ओरखडा काढतेस का तिच्यावर?"

"मग परीक्षा उद्या ठेव."

"उद्या म्हटलं की साहेब म्हणतील—"

"बघू," नीलिमाने वाक्य पूर्ण केलं.

मामा हसला नाही. खिट्टी पुसून त्याने खिशात टाकली आणि तो आत गेला.

"काका काय म्हनले?" खंडूने हळूच विचारलं. "त्या खिट्टीला पानी दिलंय?"

"हो."

"न्हाई दिलं."

"तू बघायला गेला होतास?" नीलिमा म्हणाली.

"आमच्या नांगराच्या फाळाला भिमाजी लोहार पानी देतो. लालबुंद करतो न् बुडवतो. फाळ काळाठिक्कर व्हतो. चकाकत न्हाई."

"काहीतरीच. पाणी दिलं की चकाकतंच. आईच्या बांगड्या बघ. आत पितळ, वर सोन्याचं पाणी."

"तुजी आई बांगड्यांनी नांगरती का?"

"गप रे."

"थांबा," चित्रा म्हणाली. "दोघंही परत एकदा सांगा. आधी खंडू."

दोघांनी परत सांगितलं. चित्राने वहीत दोन ओळी लिहिल्या, एकीखाली एक. लोहाराचं पाणी : आतून कठीण. सोनाराचं पाणी : वरून चकचकीत. मग तिने वही मिटली.

"नीलू, मामाने खिट्ट्यांचं काम दिलं कोणाला?"

"कारखान्यातल्या नंदकिशोरकाकांना. चिठ्ठी लिहून."

"ती चिठ्ठी बघायला हवी. आत्ता."

"मी आईला सांगून येते," नीलिमा म्हणाली. "नाहीतर संध्याकाळी आपलीच परीक्षा."

अकरा वाजले होते. सायकली दोन होत्या. खंडूने नीलिमाला मागे बसवलं, चित्रा एकटी. भोसरी अकरा किलोमीटर, आणि डांबर इतकं तापलेलं की टायर चिकटल्याचा चर्रर्र आवाज येत होता. पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली होती. भांडार सांभाळणारे नंदकिशोरकाका टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. पहारेकऱ्याने मुलांना फाटकापाशीच थांबवलं. एक वाजला. दीड वाजला. चित्रा घड्याळाकडे बघत राहिली. दीडनंतर कुठे त्यांना आत सोडलं.

"चिठ्ठी? ही काय," नंदकिशोरकाकांनी जांभई देत चिठ्ठ्या टोचलेल्या तारेतून एक कागद ओढला. मामाचंच अक्षर होतं. 'सहा खिट्ट्या. पाणी देणे. तातडीचे. — मुकुंद.'

"मग पाणी दिलंत?"

"म्हणजे काय, दिलं की. निकेलचं. शेजारीच मुलामा करणारे आहेत."

"मामाला भट्टीतलं पाणी हवं होतं," चित्रा म्हणाली. "तापवून बुडवायचं."

नंदकिशोरकाकांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "मग तसं लिहायचं. आमचे वडील सोनाराच्या पेढीवर होते. आमच्यात पाणी म्हणजे मुलामा. आणि साहेबांना दाखवायची वस्तू. मला वाटलं, चमकवायचीच असेल."

"विचारलं नाहीत?"

"तातडीचं होतं ना. उरलेल्या पाच इथेच पडल्या आहेत. येत्या आठवड्यात टाकू भट्टीत. त्यात काय?"

"काका, मामा आज चार वाजता त्या खिट्टीवर उतार उतरणार आहे."

नंदकिशोरकाकांची झोप उडाली. "साहेब तर सकाळीच बाहेर गेले. तिथूनच परस्पर उताराकडे जाणार आहेत. त्यांना गाठणार कुठे?"

"दोन खिट्ट्या द्या," चित्रा म्हणाली. "आणि एक कानस."

परतताना वारा समोरून होता. चित्रा मनात तोच हिशेब पुन्हा पुन्हा करत होती. सायकल उभी असली की माणसाचं निम्म्याहून अधिक वजन पायडलांवर आणि नळीवर जातं. खिट्टीला फारसं काम नसतं. आडवी केली की पाय पुढे रेटतात आणि तेवढ्याच जोराने पाठ बैठकीला मागे रेटते. तो सगळा रेटा एकट्या खिट्टीवर. ती तुटली तर बैठक नळीवरून घसरून थेट मागच्या चाकावर. उतारावर, मागून ट्रक येत असताना.

"चित्रा," मागून नीलिमा म्हणाली, "आपण जाऊन सांगितलं की खिट्टी खोटी आहे, तर साहेब काय म्हणतील ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग बाबांची नोकरी गेलीच."

"नुसतं सांगायचं नाही," चित्रा म्हणाली. "खरी खिट्टी घेऊन जायची. खंडू, तुझा लोहार कुठे बसतो?"

भिमाजीने खिट्टी हातात घेऊन उलटसुलट केली, ऐरणीवर एकदा वाजवून कान लावला. "पोलाद चांगलं हाय. ह्ये नवरीवानी कुनी नटवलं?"

"भोसरीचे भांडारवाले काका हायेत," खंडू म्हणाला. "दादा, पानी द्यायचंय. बिगीबिगी."

"बिगीबिगी पानी न्हाई देता येत. भाता मार."

खंडूने भाता मारला. खिट्टीची चकाकी आधी धुरकटली, मग सोलली, मग ती आतून लाल होऊ लागली. भिमाजी रंगाकडे बघत होता, चित्रा भिमाजीकडे. डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल गेला, पळसफुलाचा रंग यायच्या आत त्याने चिमट्याने खिट्टी उचलली आणि बुडवली. पाणी किंचाळलं.

"झालं?" नीलिमाने विचारलं.

"आता नेशील तर काचेवानी फुटंल. जरा नरम कराया लागतंय." त्याने खिट्टीची एक बाजू दगडावर घासून उजळ केली आणि ती निखाऱ्यांच्या कडेला धरली. उजळ जागेवर हळूहळू वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला. तेवढ्यावर त्याने ती पुन्हा बुडवली. "घ्या. रूपाला न्हाई, पर कामाला हाय."

पावणेचार झाले होते.

उताराच्या माथ्यावर फिकट निळी फियाट उभी होती. तिच्यापाशी मधुसूदनराव, पांढऱ्या बुशशर्टात, कमरेला पाठदुखीचा रुंद पट्टा बांधलेले, हातातल्या घड्याळाकडे बघत होते. मामा उभ्या सायकलीवरून चढ चढून नुकताच आला होता. त्याने बैठक मागे, खाली सरकवली. वरच्या भोकातून काढलेली खिट्टी मैलाच्या दगडावर, रुमालावर ठेवलेली होती. उन्हात ती दुरूनही चमकत होती.

मामाने न बघता हात मागे केला. हात रिकाम्या रुमालावर पडला.

"खिट्टी माझ्याकडे आहे," चित्रा म्हणाली. तिला धाप लागली होती.

"दे इकडे."

"दोन मिनिटं, मामा."

"चित्रा, ही थट्टेची वेळ नाही. दे."

मधुसूदनरावांनी घड्याळ पुन्हा पाहिलं. "काही अडचण आहे का मुकुंद? मग असं करू, पुढच्या महिन्यात बघू."

मामाचा चेहरा उतरला. नीलिमाने खंडूचं मनगट घट्ट धरलं.

चित्राने भोसरीहून आणलेली दुसरी चकचकीत खिट्टी मैलाच्या दगडावर टेकवली आणि तिच्यावर कानस फिरवली. खर्रर्र. पांढरा कीस दगडावर पडला. मग तिने खिशातून काळी खिट्टी काढली आणि तीच कानस तिच्यावर फिरवली. कानस काचेवरून घसरावी तशी सुंईं करून निघून गेली.

मामा बावीस वर्षं लेथवर होता. त्याला डोळ्यांची गरज नव्हती. पहिला आवाज ऐकताच तो सायकल सोडून आला होता. दुसऱ्या आवाजाला त्याने चित्राच्या हातातून कानस घेतली आणि दोन्ही खिट्ट्यांवर स्वतः फिरवून पाहिली.

"मी चिठ्ठीत काय लिहिलं होतं?" त्याने विचारलं.

"पाणी देणे."

"कसलं पाणी?"

"ते नव्हतं लिहिलं."

मामाने चित्राकडून सायकलीतली खिट्टी घेऊन उन्हात धरली. रेघ आता सगळीकडून फिरली होती. मग तो मधुसूदनरावांकडे वळला.

"साहेब, या खिट्टीवर मी उतरलो असतो तर अर्ध्या वाटेत पडलो असतो. चिठ्ठी अर्धवट लिहिली, चूक माझी. पोरगी सकाळी सांगत होती, तेही ऐकलं नाही."

"आणि ही काळी?"

"आमच्या भिमाजी लोहारानं पानी दिलंय हिला," खंडू म्हणाला.

"ही टिकेल," मामा म्हणाला. "पण मी सांगतो म्हणून मानू नका."

त्याने पुढचं चाक मैलाच्या दगडाला टेकवलं, काळी खिट्टी बसवली, आणि खंडूला ब्रेक आवळून धरायला सांगून बैठकीवर रेलून पायांनी पायडलं रेटली. एकदा, दोनदा, दहादा. फ्रेम करकरली. बैठक हलली नाही. मामाने खिट्टी काढून पाहिली आणि पुन्हा बसवली.

एक ट्रक घरघरत खाली गेला. मधुसूदनराव त्याच्याकडे बघत राहिले. "इतक्या खाली बसलास तर ट्रकवाल्याला दिसणार का तू?"

नीलिमाने वेणीची लाल रिबीन सोडली. खंडूने कडेच्या निरगुडीची लांब काठी मोडून आणली. काठी टेकेच्या मागे बांधली गेली, आणि तिच्या टोकाला, माणसाच्या डोक्याच्याही वर, रिबीन फडफडू लागली.

"आता देवाच्या पालखीसारखी दिसते," नीलिमा म्हणाली.

मामा रेलला आणि निघाला.

चित्रा आकडे मोजत होती. दहाला सायकल वेगात आली. वीसला एका खड्ड्यावरून उडाली. नीलिमाने डोळे मिटले. सत्तावीस, अठ्ठावीस. एक ट्रक मागून आला, रिबीन पाहून बाजूला झाला आणि पुढे गेला. चव्वेचाळीसला सायकल खालच्या चहाच्या टपरीपाशी थांबली. तिथल्या गर्दीत मामाने बैठक वर घेतली, साध्या सायकलीसारखा पाय टेकवून ती वळवली आणि तो चढ चढू लागला.

तो वर आल्यावर चित्राने काळी खिट्टी काढली आणि तिच्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"मुकुंद, ही भाची तपासनीस म्हणून ठेवून घ्यायला हवी," मधुसूदनराव म्हणाले. त्यांनी खंडूच्या पाठीवर थाप मारली. "आणि तुझ्या लोहाराला माझा नमस्कार सांग. आमच्या अख्ख्या कारखान्याला जे विचारायचं सुचलं नाही, ते तुम्ही तिघांनी विचारलंत. बरं, तपासनीसबाई, खरं सांगा. सायकल कशी आहे?"

चित्राने वही उघडली. "उभी असली की साध्या सायकलीपेक्षा नऊ किलो जड. आडवी असली की तिच्यावर चढ चढवत नाही, आणि काठी नसेल तर ती दिसत नाही. म्हणजे सगळ्यांच्या उपयोगाची नाही."

मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"आणखी?"

"साध्या सायकलीवर चार किलोमीटर झाले की मामाला उतरून पाठ धरून उभं राहावं लागतं. कामाला जायचं तर अकरा किलोमीटर आहे. हिच्यावर तो एकदाही उतरलेला नाही. मी आठ दिवस मोजलंय. पाठ दुखणारे आणखी किती असतील, ते मात्र मला मोजता आलेलं नाही."

मधुसूदनरावांचा हात स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेला. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, रिबिनीकडे पाहिलं, मग खाली उताराकडे.

"म्हणजे आता साहेब म्हणणार, बघू," नीलिमा पुटपुटली. ती पुटपुटली ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

"बघून झालं," मधुसूदनराव म्हणाले. "आता करू."