गुरांच्या दवाखान्यातला शिक्का

कोल्हारच्या आसपास दाखल्यांच्या नकलांवर सहीशिक्का मारायचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तो होता गुरांचा डॉक्टर. विजयमालेचं नशीबच खट्याळ. येत्या रविवारी तिला बघायला येणारा मुलगाही तोच.

एकाहत्तर सालचा जून. पुण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.चा अर्ज द्यायची उद्या शेवटची तारीख, आणि आता साडेअकराची एसटी. आबांना लेकीच्या कॉलेजपेक्षा डॉक्टर जावई प्यारा. आईनं मात्र गुपचूप ट्रंक भरून स्टँड गाठला होता. विजयमाला देवाचं नाव घेऊन दवाखान्यात शिरली.

आत फिनेलचा वास. दारात कंपाउंडर कारभारी एक म्हैस धरून उभा. डॉक्टर राधाकृष्णानं मान वर न करता तिच्या कागदांवर भराभर सह्या केल्या, आणि शेवटच्या कागदावरचं नाव वाचून त्याचं पेन थांबलं.

"विजयमाला सूर्यभान… म्हणजे रविवारी—"

"रविवारी मी हितं नसंन."

यानं आबांना नुसता निरोप धाडला, की पुणं संपलंच.

कागद होता चारित्र्याचा दाखला. त्यावर छापील ओळ होती, 'यांना मी गेली तीन वर्षे ओळखतो.'

"ओळख पाच मिनिटांची," तो हळूच म्हणाला. "खोटं कसं लिहू?"

त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून आलेली ती… बघत राहिली. दुमडलेल्या बाह्या, कपाळावर घाम, आणि डोळे भलतेच प्रामाणिक. मेला आवडायचा तो आजच का आवडावा?

स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला.

"साहेब, म्हशीला लई तरास व्हतोय," कारभारी म्हणाला.

"मला शिकायचंय ते तीनच वर्षं," विजयमाला एका दमात बोलून गेली. "आज लिवा… तीन वर्षांनी खरं करून घ्या."

तो हसला नाही. सही केली, शिक्का मारला आणि फुंकर घालून शाई वाळवली. त्या फुंकरीला जरा जास्तच वेळ लागला.

"आन् आबा?" तिनं कागद घेत विचारलं.

"रविवारी जातो त्यांच्याकडे. सांगतो, मुलगी बघून झाली, पसंत आहे, मी थांबतो. मुलग्याचं काय… ते तुम्ही कळवा."

"पत्र लिवते," म्हणून ती पळत सुटली.

शिक्का मिळाला का, असं आईनं गाडीत विचारलं. विजयमालेनं मान डोलावली, आणि तो एक कागद ट्रंकेत न टाकता पुण्यापर्यंत हातातच धरून ठेवला.