लाल ठिपक्यांचे सेल

ती दुकानाचं शटर ओढत होती, तेवढ्यात खालून वाकून एक माणूस आत शिरला. केस ओले, चपला ओल्या, हातात पाण्याखाली वापरायचा जाडजूड टॉर्च, आणि चेहरा असा की तो टॉर्च जणू तिनेच बिघडवलाय.

"खाली असताना विझला," तो म्हणाला. "जहाजाच्या बुडाखाली. चाचपडत वर आलो."

तिने टॉर्च हातात घेतला. तिचे वडीलही पाणबुडेच होते. ती लहान असताना एकदा खाली गेले ते वर आलेच नाहीत. तेव्हापासून मायलेकी मामाच्या आधाराने राहत होत्या आणि हे बॅटऱ्यांचं दुकानही मामाचंच. पण गिऱ्हाइकाला हे कशाला सांगायचं? तिने टॉर्चचं झाकण फिरवून चारही सेल काउंटरवर ओतले.

"दोन नवे, दोन जुने. कोणी घातले असे?"

"मीच. जुने बरे होते, टाकायचे कशाला?"

"म्हणजे खोंडाबरोबर म्हातारा बैल जुंपलात. जुना आधी उतरतो, नवे त्याला फरफटत नेतात, मग तो तापतो, पाघळतो. नुसता विझला हे नशीब समजा."

"तुम्ही सगळ्यांनाच असं झापता, की ओल्या माणसांना जास्त?"

"अक्कल घरी ठेवून येणाऱ्यांना."

तो हसला. पुढच्या दाताचा एक कोपरा उडालेला होता... आणि तो नेमका तिच्या मनात भरला. मनाचं काही सांगता येत नाही बाबा, अख्खा माणूस सोडून दाताचा कोपरा धरून बसतं.

फळीवर चार्ज करायचे सेल दोन जातींचे होते. एक जात पडून राहिली तरी वर्षभर भरलेली राहायची. दुसरी उजेड जास्त वेळ द्यायची, पण पडून राहिली की आपोआप उतरायची. पाण्यात जायच्या आदल्या दिवशी दुकानातल्या चार्जरवर भरून घ्यावी लागायची. तिचा हात पहिल्या जातीकडे गेला, आणि मग... दुसरीवर थांबला. यात लबाडी नव्हती. ताजे भरून नेले तर हेच सेल सरस. आता त्यापायी त्याला रविवारच्या कामाआधी दर शनिवारी यावं लागणार, त्याला ती बिचारी काय करणार!

तिने पर्समधून नखांना लावायचा लाल रंग काढला आणि चारही सेलांवर एकेक ठिपका दिला. "हे चौघे एकत्र भरायचे, एकत्र वापरायचे. यांच्यात दुसरा कुणी मिसळायचा नाही."

"बरं... सेलांचं तर जमलं," तो म्हणाला. ती उगाचच खण आवरायला लागली.

मग शनिवार सुरू झाले. लोक सेल भरायला ठेवून कामाला जात. हा मात्र ते भरेपर्यंत स्टुलावर ठाण मांडून बसे. मामा चष्म्यावरून बघत म्हणे, "या पाहुण्याचे सेल फारच सावकाश भरतात गं." तो पाण्याखालच्या गोष्टी सांगायचा — खोल गेलं की लाल रंगसुद्धा काळपट दिसतो, उजेड टाकला की परत लाल होतो. तिला ऐकताना भीती वाटायची, आणि त्याने थांबू नये असंही वाटायचं. बाबांचंही तिने एकदा त्याला सांगून टाकलं.

एका शनिवारी तो आला तो कोरड्या केसांनी.

"लांबच्या समुद्रावर काम मिळालंय. दोन वर्षांचं. मध्ये मध्ये महिना महिना पाण्यात जायचंच नाही. पडून राहिले तरी उतरणार नाहीत असे सेल दे."

तिने पहिल्या जातीचे सेल काढले. त्याने पाकिटावरचं वाचलं.

"हे इथे पहिल्यापासून होते?"

"होते."

"म्हणजे मला दर शनिवारी यायची गरज..."

"नव्हती."

त्याने पिशवीत हात घालून एक वापरून झिजलेला चार्जर काउंटरवर ठेवला. "हा माझ्याकडे पहिल्यापासून होता."

दोघंही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तुझ्या आईशी बोलू?" त्याने हळूच विचारलं.

"नको. मला यायला जरा उशीर झाला तरी ती दारात येऊन उभी राहते. पाणबुड्या जावई आणून तिला पुन्हा तेच भोगायला लावू? नाही जमणार मला."

"हे तिचं म्हणणं, की तुझं?"

"तिला मी ओळखते."

"आणि मी? मी आवडतो की नाही, एवढं तरी सांगशील?"

"आवडता. खूप आवडता. म्हणून तर हे सेल देतेय."

त्याने नवे सेल घेतले आणि लाल ठिपक्यांचे चारही तिच्या ओंजळीत ठेवले. "हे पडून राहिले की उतरतात. लक्ष ठेव," म्हणाला, आणि गेला.

ती लक्ष ठेवत होती. दर शनिवारी ते चार सेल चार्जरला लावायची. कुणासाठी, हे मामाने कधी विचारलं नाही.

पावसाळा गेला, थंडी आली. एका शनिवारी आई डबा घेऊन दुकानात आली आणि स्टुलावर बसली. चार्जरमधले ठिपके तिने पाहिले.

"कुणाचे गं?"

"गिऱ्हाइकाचे."

"नेत का नाही तो?"

तिने काही लपवलं नाही. सगळं सांगून टाकलं. आई पदराने हात पुसत ऐकत होती.

"पाणबुड्या म्हणून तू त्याला नाही म्हणालीस? माझ्यासाठी?"

"तुला सोसलं नसतं आई."

"तुझ्या बाबांशी लग्न झालं तेव्हा मला काय ठाऊक नव्हतं? दारात उभी राहत होते, पण ते यायचे की. कितीतरी वर्षं रोज येत होते, ओल्या केसांनी. कुणी मला आज विचारलं तरी मी त्यांनाच हो म्हणेन." आईने तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "मला एकदा विचारायचं तरी होतंस, बाळ."

तिने त्याला फोन लावला. हा क्रमांक आता अस्तित्वात नाही, असं एक बाई शांतपणे सांगत होती. तिने पुन्हा लावला. बाईने पुन्हा तेच सांगितलं.

ती रडत रडत चार्जरची वायर काढायला लागली, तशी आईने तिचा हात धरला.

"राहू दे," आई म्हणाली. "भरू दे त्यांना. मी बसते इथे."