फाटकाला बाबांचा चेहरा कळेना

बाबा फाटकाबाहेर गाडीत बसले होते, गाडीतली हवा संपत आली होती, आणि आमचं शहाणं फाटक म्हणत होतं, "हा माणूस ओळखीचा नाही." बाबा ओळखीचे नाहीत? रोज याच फाटकातून जातात ते!

मंगळावरच्या आमच्या तांबडमाळ वस्तीत धुळीचं मोठं वादळ झालं. त्यात नामसूची (वस्तीत कोण राहतं, कोणाचा चेहरा कसा, याची संगणकातली नोंद) पुसली गेली. संगणकशास्त्रज्ञ वसुधाआत्या ती पुन्हा भरत होती. वादळापासून झोप नाही. तिचे डोळे लाल, माझेही.

"बाबांचा फोटो पाठवलास ना?"

"पाठवला गं, केतकी. डोकं नको खाऊस." मग तिलाच वाईट वाटलं. तिने काळ्या पडद्यावरची ओळ दाखवली. "ही कमांड (संगणकाला टाइप करून दिलेला हुकूम). नामसूचीच्या फाइलमध्ये फक्त साधी अक्षरं चालतात. फोटो तसाच कोंबला तर फाइलचा विचका होतो. म्हणून ही कमांड त्याला साध्या अक्षरांत बांधते."

"म्हणजे कसं?"

"फोटो म्हणजे नुसते बाइट (आठ बिटांचा, म्हणजे आठ शून्य-एकांचा गट). तीन बाइट घ्यायचे. बिट किती झाले?"

"चोवीस," मी जांभई दाबत म्हटलं.

"त्यांचे सहा-सहाचे चार तुकडे. सहा बिटांचे चौसष्टच प्रकार होतात. प्रत्येकाला एक अक्षर, आकडा किंवा चिन्ह ठरलेलं. शेजारी खूण लावायची, 'बांधलंय, सोडून वाच.' फाटक उलटं जात ते सोडतं आणि चेहरा मिळतो."

"मग मिळत का नाही?" मला रडूच आलं.

फाटकाने सोडून काय वाचलं ते मी उघडून पाहिलं. पुन्हा साधी अक्षरंच!

"आत्या, हे अजून बांधलेलंच आहे!"

कोपऱ्यातून आमचा यंत्रमानव ढब्बू म्हणाला, "तो फोटो मी सकाळीच बांधून ठेवला होता."

आत्याने कपाळावर हात मारला. धुळीच्या धास्तीने आम्ही तांबडमाळकर सगळंच दोनदा बांधतो, अगदी पिठाचा डबासुद्धा. फाटक मात्र एकदाच सोडतं.

तिने मूळ फोटो घेऊन कमांड एकदाच चालवली. फाटक करकरत उघडलं. बाबा आत आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. मी त्यांच्या गळ्यात पडले.

"मागून आणखी दोन गाड्या येतायत," जरा वेळाने बाबा म्हणाले.

आत्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "आता तू चालव. मी बघते."

मी डोळे चोळले आणि पडद्यासमोर बसले.

"बाबा, पहिल्या गाडीत कोण आहे?"