थॉर्नबाईंची पेन्शन

"फिलिपा!"

किंकाळीसरशी कार्यालयातल्या सगळ्या माना वळल्या. दारात डेलिया स्कॅनलन उभी होती. कोलमडू नये म्हणून तिने चौकट धरली होती, आणि तिचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

पैशांच्या खिडकीशी सही करून नुकत्याच वळलेल्या थॉर्नबाई जागच्या जागी थांबल्या. काळा पोशाख, तोंडावर ओढलेली काळी जाळी. त्यांनी हाकेच्या दिशेने पाहिलं नाही. नुसती मान तिरपी केली, आणि भिंतीच्या कडेने बाहेरच्या दाराकडे झपाझप निघाल्या. वाटेत, खोली तापवायला आठवड्यापूर्वीच बसवलेली लोखंडी भट्टी होती. बाई सरळ तिच्यावर जाऊन आदळल्या, जणू ती तिथे नव्हतीच. हातमोजा करपल्याचा वास सुटला. पण तोंडून हूं की चूं न काढता त्या जिना उतरून धुक्यात नाहीशा झाल्या.

इकडे डेलिया धाडकन खाली पडली.

शुद्धीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तिचे डोळे मी मिटलेत. या हातांनी मिटलेत."

तिला पाणी पाजणारी बाई म्हणजे लॅव्हिनिया ऑर्डवे. सहावीला शिकवायची, शहरातल्या शिक्षिकांनी निवडून दिलेली पेन्शन निधीची विश्वस्त. पेन्शन घ्यायला माणूस स्वतः हजर राहिलं पाहिजे असा नियम होता, आणि त्या दिवशी हजेरीवर नजर ठेवायची पाळी तिची होती. थॉर्नबाई तिच्यासमोरून गेल्या होत्या.

आणि फिलिपा थॉर्न म्हणजे कोणी ऐरीगैरी नव्हे. निधी उभा राहिला तोच तिच्या वणवणीवर. भर हिवाळ्यात ती शाळाशाळांतून फिरली होती. "पेन्शन कशाला हवी? लग्न करा की!" असं हसणाऱ्या हेडमास्तरांना तिने बजावलं होतं, "लग्न केलं की तुम्हीच नोकरीवरून काढता. मग एकटीने म्हातारं व्हायचं ते कोणाच्या जिवावर?"

कार्यालयात कुजबुज वाऱ्यासारखी पसरली. बाई मेल्या, तरी निधी सोडवेना!

"मला वेगळंच भय वाटतंय," मुनीम-सचिव एझ्रा प्रुइट हलक्या आवाजात म्हणाले. पांढऱ्या दाढीचे, अदबशीर गृहस्थ. निधीच्या पहिल्या दिवसापासून तिथे होते. "ऑर्डवेबाई, शनिवारी सभा आहे. नवा कायदा म्हणतो, ज्याला निधीत राहायचं त्याने राहावं, नको त्याने जावं. मेलेली माणसं पेन्शन नेतात असं कानावर गेलं तर तरण्या शिक्षिका एकजात बाहेर पडतील. त्यांची वर्गणी थांबली की म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास जाईल."

"मग काय करू म्हणता?"

"काहीच करू नका. स्कॅनलनबाईंना भास झाला. त्या डोंगरातल्या विरळ हवेत राहून डोकं हलतं माणसाचं."

शेजारच्या खोलीत डेलिया पडून होती. ऑर्डवेबाई तिच्या उशाशी जाऊन बसली.

"डेलिया, नीट सांग. कुठे गेली फिलिपा?"

"कोलोरॅडोत, तिकडे डोंगरात. छातीचं दुखणं. पेन्शन सुरू झाली आणि लगेच गेली तिकडे. मीही तिथेच शिकवत होते, आजच परतले. ती वारली त्याला तीन हिवाळे झाले."

"इथे कोणाला कळवलंस?"

"कार्यालयाला तार केली. घरी बहीण होती तिची, हेस्टर. तिला कोणीतरी समक्ष जाऊन सांगावं, असं लिहिलं होतं मी."

"बहीण आली का नाही मातीला?"

"ती उंबरठाही ओलांडायची नाही, असं फिलिपा म्हणायची. मी कधी पाहिली नाही तिला."

"आत्ता शुद्धीवर आल्यावर कोलोरॅडोचं नाव कोणापाशी काढलंस?"

"नाही गं. तुलाच पहिल्यांदा सांगतेय."

ऑर्डवेबाई उठून खिडकीशी गेली. बाहेर तळ्यावरचं धुकं काचांना चिकटलं होतं. सकाळी ते इतकं दाट होतं की गॅसचे दिवे लावावे लागले, आणि नेमका गॅस गेला. मेणबत्त्या येईपर्यंत सगळ्या जणी बाकांवर, छत्र्यांवर, एकमेकींच्या पायांवर अडखळत होत्या. त्या काळोखात एकच सावली दारातून थेट पैशांच्या खिडकीशी गेली होती, कशालाही न धडकता. तेव्हा ऑर्डवेबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला होता.

आता तो काटा पुन्हा आला. पण या वेळी कारण निराळं होतं.

दुपारी तिने विश्वस्तांना बोलावलं. प्रुइट नेहमीसारखे टेबलाच्या टोकाशी बसले.

"भूत नव्हतं ते," ऑर्डवेबाई म्हणाली. "भुताचा हातमोजा करपत नाही."

"मग कोण होतं?" एका विश्वस्ताने विचारलं.

"अंधारात जी बिनचूक चालली, तीच उजेडात समोरच्या भट्टीवर आदळली. हाक ऐकून तिने पाहिलं नाही, कान दिला. असं कोण वागतं? जिला अंधार-उजेड सारखाच आहे. खोली तिला पाठ होती. नवी भट्टी तेवढी ठाऊक नव्हती. ती आंधळी आहे. आणि फिलिपा आंधळी नव्हती. पण जी बहीण कधी उंबरठा ओलांडत नसे, तिच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे?"

"आंधळी बाई एकटी हे रचू शकत नाही. तार कार्यालयात आली, ती कोणी दाबली? सही पडताळून पाहणारं इथे कोण आहे? प्रुइटसाहेब, फिलिपा या शहरातच राहते असं तुमचं दप्तर सांगतं. डेलियाने तर फक्त 'डोळे मिटले' एवढंच म्हटलं होतं. मग डेलिया डोंगरातून आली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

प्रुइटांनी दाढीवरून हात फिरवला.

"हेस्टरचा दोष नाही," शेवटी ते म्हणाले. "आजारी माणसाच्या वतीने घरच्याने त्याच्याच नावाची सही करायची असते, असं मी तिला सांगितलं. लोक डोळ्यांकडे बघतात म्हणून जाळी घे म्हटलं. तळ्याकाठच्या जमिनीच्या व्यवहारात मी बुडालो होतो, बाई. पेन्शनचे निम्मे पैसे तिला द्यायचो."

"आणि बहीण मेल्याचं?"

"नाही सांगितलं. दर खेपेला फिलिपाचा निरोप सांगायचो. तब्येत सुधारतेय, आठवण काढते." ते ऑर्डवेबाईकडे वळले. "निरोपाची वाट बघत बसायची ती. शनिवारी हे बोललात तर निधी संपला समजा."

"न बोलता राखला तर तो फिलिपाचा निधी कसला?"

शनिवारी भरल्या सभागृहात ऑर्डवेबाईने सगळं सांगितलं. बऱ्याच तरुण शिक्षिका तिथूनच उठून गेल्या. पण त्याहून जास्त बसून राहिल्या. निधी लंगडत का होईना, चालत राहिला. प्रुइटांना पोलिसांनी नेलं.

हेस्टरकडे जायचं धाडस मात्र ऑर्डवेबाईला रविवारी, चर्च सुटल्यावर झालं. सोबत डेलिया होती. हेस्टरच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. दोघींना बसवून तिने चाचपत चहा केला. ऑर्डवेबाईने शब्द जुळवत जुळवत एकदाचं सांगितलं.

"ठाऊक आहे," हेस्टर म्हणाली. "पहिल्याच हिवाळ्यात कळलं."

"कसं?"

"प्रुइटसाहेब म्हणाले, फिलिपाला माझी आठवण येते." ती किंचित हसली. "असं ती जिवंतपणी कधी म्हणाली नसती. मला ओरडल्याशिवाय तिचं पान हलत नसे."

"मग गप्प का राहिलीस?"

"विचारलं असतं तर निरोप थांबले असते, बाई. खोटे होते. पण त्यात तिचं नाव तरी होतं."

हेस्टरने डेलियाच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

"तू होतीस ना तिच्यापाशी? शेवटी काय म्हणाली?"

डेलियाने तो हात दोन्ही हातांत घेतला.

"म्हणाली, त्या वेडीला सांग, माझ्यामागे रडत घरात कुजत बसलीस तर याद राख. आणि खिडक्या उघड म्हणावं, घराला कुबट वास मारत असेल."

हेस्टरचा चेहरा हळूहळू उजळला.

"ही," ती पुटपुटली, "ही खरी फिलिपा."

ती उठली, भिंत धरून खिडकीशी गेली आणि तिने दोन्ही दारं सताड उघडली. तळ्यावरचा गार वारा भस्सकन आत आला. तोंडावर तो वारा घेत, बहीण गेल्यानंतर पहिल्यांदाच, ती मोकळेपणी रडली.