दारातल्या रेघा

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं असेल. मी तेव्हा सांगलीत ड्रॉइंग मास्तर होतो. कुंडलच्या लालासाहेबांचा निरोप आला, ‘आमचा मानसिंग इटलीच्या लढाईवरून परत आलाय. एक चित्र आणलंय. येऊन समजावून सांगा.’ रविवारी दुपारी गेलो.

सोप्यात भिंतीवर चित्र टांगलं होतं. बाहेरून गुऱ्हाळाचा गोड, करपट वास येत होता. लालासाहेब, त्यांची बायको चंद्राबाई आणि खांबाला टेकून उभा असलेला मानसिंग, एवढेच होते. लालासाहेब स्वतः जुने हवालदार. पोराच्या कौतुकानं नुसते फुलले होते.

“तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि कागदावर दाबून छापायचं,” मी सांगू लागलो. खाली १८६८ साल होतं. गरिबाघरचं स्वयंपाकघर. म्हातारा पाव कापतोय, सून मुलाला मांडीवर घेऊन बसलीय. “आता बघा. टेबलाची कड, फरशीच्या रेघा, दोघांची नजर, सगळं उजवीकडच्या दाराकडे जातं. चित्रकारानं आपले डोळे तिकडे ओढून नेलेत.”

“पन दारात तर अंधारच हाय,” चंद्राबाई म्हणाल्या.

खरंच. दारात आडव्याउभ्या रेघांचं दाट जाळं, बाकी काही नाही. एवढ्या कसलेल्या हातानं रिकाम्या दारासाठी इतका खटाटोप का करावा? मला चेव आला. भिंग काढलं. जाळ्यात एके जागी रेघा एकमेकींना छेदत नव्हत्या, वळत होत्या. खांदा... डोईवरची शाल... पुढे केलेला हात.

“म्हातारी आहे! काहीतरी मागतेय.”

मानसिंग खांब सोडून पुढे आला. “मास्तर... तिच्या हाताला दोन बोटं न्हाईत का?”

मी भिंग जवळ नेलं. तीनच बोटं होती. सोप्यात एकदम गारवा आला, आणि कुठूनसा ओल्या राखेचा वास.

“तुला कसं ठावं रं?” लालासाहेबांनी विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “आबा, ह्ये मी इकत न्हाई घेतलं. एका पडक्या घरातनं काढलं. म्हातारी दारात आडवी आली. हात पुढं करून कायबाय बोलत हुती... मी ढकलली तिला. उटली का न्हाई, वळून बगितलं न्हाई.”

लालासाहेबांची मान खाली गेली. चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. हुशारी दाखवायच्या नादात मी आईबापासमोर त्यांच्या मुलाला उघडं पाडलं होतं. मलाही वर बघवेना.

“मास्तर, ह्ये घिऊन जावा,” लालासाहेब कसेबसे म्हणाले. “जिथलं तिथं पोचवा.”

मी चित्र सांगलीला आणलं. एक ओळखीचे पाद्री ते इटलीला परत पाठवायला तयार झाले. बांधण्याआधी पुन्हा भिंग लावलं. दारात सरळ आडव्याउभ्या रेघा होत्या. म्हातारी नव्हती.

काही दिवसांनी मानसिंग माझ्या घरी आला. डोळे खोल गेले होते.

“चित्र गेलं का, मास्तर?”

“गेलं.”

“तुमी ते नेल्यापास्नं आई रोज एक ताट जादा वाढतीया. उंबऱ्याजवळ ठेवती. कुनाला म्हनून इचारलं, तर म्हनती, म्हातारीची भाषा मला कळत न्हाई, पन उपाशी हाय ती.”

“आईच्या मनाला लागलंय रे.”

“मला बी तसंच वाटलं...” तो अगदी हळू बोलला. “पन ताट रिकामं हुतंया, मास्तर. आनि ती जेवून उटंस्तवर आई मला घरात येऊ देत न्हाई.”